एकाच टोपीतली बाळं

कागदांचं गाठोडं हातात पडलं की सॉर्टरकाकांची बोटं आधी सुतळीच्या गाठीकडे जायची. सारी नोकरी त्यांनी टपाल कचेरीत एकच काम केलं होतं: गठ्ठा सोडायचा आणि पत्रं लाकडी खणांत टाकायची. ते निवृत्त झाले, कचेरी नव्या इमारतीत गेली, आणि खणांची ती भलीमोठी मांडणी भंगारात निघाली. काकांनी ती घरी आणली. काकू म्हणाल्या, "लोक निवृत्त झाल्यावर भिंतीवरचं घड्याळ घेऊन येतात, आमच्या ह्यांनी कबुतरखाना आणलाय."

रिकामे खण काकांना बघवेनात. म्हणून त्यांनी खोऱ्याचा इतिहास गोळा करायला घेतला. वरच्या धरणापासून खालच्या पुलापर्यंत घरोघर जाऊन जुने कागद मागितले. लोकांनी दिलेही, कुणी अभिमानानं, कुणी माळा रिकामा होतोय म्हणून, आणि बरेचसे शेजाऱ्यानं काय दिलंय ते बघायला मिळेल या आशेनं. काका गाठोडं सोडायचे आणि वाटून टाकायचे. खरेदीखतं एका खणात, लग्नपत्रिका दुसऱ्यात, फोटो तिसऱ्यात. कोर्टकचेरीचा खण सगळ्यांत आधी तुडुंब भरला. पाटाच्या पाण्यावरून ज्या भाऊबंदांनी पिढीभर एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, त्यांच्या फिर्यादी तिथं एकमेकींच्या कुशीत झोपल्या होत्या.

कुठला कागद कुठल्या घरचा, हे मात्र काकांनी कुठंच लिहिलं नाही. टपालात पत्र कुठं जायचंय ते बघतात. कुठून आलं, याच्याशी सॉर्टरला काय देणंघेणं?

आणि एके सकाळी गिरणीवाल्या वहिनी आल्या. त्यांचे यजमान काकांचे जिवलग दोस्त होते. ते गेले, गिरणी बंद पडली, वहिनींच्या डोळ्यांपुढं जाळं आलं. आता मुलगा त्यांना कायमचं शहरात न्यायला आला होता.

"भावोजी, आमचं गाठोडं जरा काढता का? गिरणीच्या परवान्याच्या घडीत माझ्या थोरलीचा फोटो आहे. तेवढा नेते."

थोरली म्हणजे वहिनींची पहिली मुलगी. वर्षाची व्हायच्या आत गेली होती. यजमानांनी फोटो परवान्याच्या घडीत घातला, आणि वहिनींनी तो पुन्हा कधी उघडून पाहिला नाही. नुसता तिथं आहे, एवढं त्यांना पुरत होतं.

परवाना सापडला. परवान्यांच्या खणातच होता, नीट सपाट करून ठेवलेला. घडीत काही नव्हतं. काकांनी फोटोंचा खण टेबलावर ओतला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बाजारातला जुना फोटोग्राफर मोठा हिशेबी गडी. त्याच्याकडे वेताची एक खुर्ची, एक झालरीचा झगा आणि एक टोपी. मुलगा असो, मुलगी असो, खोऱ्यातलं प्रत्येक बाळ त्याच झग्यात आणि त्याच टोपीत, त्याच खुर्चीत बसलेलं. मागे नाव नाही. घरातल्यांना ठाऊक असताना लिहायचं कशाला?

वहिनींनी एकेक फोटो डोळ्यांजवळ धरला आणि खाली ठेवला.

"सगळी सारखीच दिसतात हो. परवान्यातला कुठला?"

काकांनी टेबलावरचे सगळे फोटो गोळा केले.

"मला चार दिवस द्या, वहिनी. ज्याची त्याची बाळं परत करतो. उरेल ती आपली."

युक्ती बरी होती. फक्त माणसांचा अंदाज चुकला. एका गुटगुटीत, हसऱ्या बाळावर तीन घरांनी हक्क सांगितला. ट्रकवाल्या शेठजींचा आवाज सगळ्यांत मोठा. "नाक बघा काका! हे आमचे वडील!" म्हणत त्यांनी फोटो नेला. शेवटी एकच फोटो उरला. काटकुळं, रडवेलं पोर. त्याला ओळखणारं कुणी निघालं नाही. थोरली आजारी होती, हे काकांच्या लक्षात होतं. त्यांना हायसं वाटलं. फोटो घेऊन ते लगबगीनं वहिनींकडे गेले.

वहिनींनी तो बराच वेळ डोळ्यांशी धरला.

"ही नव्हे, भावोजी. ताप नंतर आला. फोटो काढला तेव्हा चांगली गुबगुबीत होती. कडेवर घेऊन बाजारापर्यंत गेले तर कंबर मोडली माझी."

काका बाजेवर टेकले. मग शेठजींचा सगळा प्रकार त्यांनी सांगून टाकला. दिवाणखान्यात मोठी चौकटही लागलीय, हेसुद्धा.

वहिनी हसायला लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "पोर माझी, आणि बाप झाली शेठजींचा!"

"मी मागून आणतो परत."

"काय सांगाल? तुमचा बाप खाली उतरवा म्हणून? आणि तीच, हे तरी कशावरून?"

"मी सुतळी सोडायलाच नको होती, वहिनी."

"नव्हतीच सोडायची," वहिनी म्हणाल्या. त्यापेक्षा काकांना शिव्या बऱ्या वाटल्या असत्या.

निघायच्या दिवशी वहिनींनी मुलाला गाडी शेठजींच्या दारात थांबवायला लावली. निरोप घ्यायचा म्हणाल्या. शेठजी खूश झाले. त्यांनी चौकट दाखवून वडिलांचं कौतुक सुरू केलं. वहिनी खुर्ची भिंतीजवळ ओढून बसल्या आणि मान वर करून ऐकत राहिल्या. वहिनींना पोचवायला आलेले काका उंबऱ्यावरच उभे राहिले, त्यांचा पाय आत पडेना.

वहिनींना गाडीत बसवताना काकांनी न राहवून हळूच विचारलं, "तीच का हो?"

"काचेवर उजेड होता," वहिनी म्हणाल्या. "नीट दिसलं नाही."