दाराशेजारचे सहा खिसे

मंडळी, गेल्याच आठवड्यात मी जुन्या साड्यांचे सहा खिसे शिवून दाराशेजारी टांगले. चाव्या, बिलं, औषधं, दवाखान्याची फाईल, सगळ्यांना वेगळा खिसा.

आज सकाळी मी पोलादपूरला शाळेत असताना शेजारच्या काकूंचा फोन आला. "तुझ्या सासऱ्यांना चक्कर आली गो! रिक्षा दारात हाय. फाईल कुठं हाय?"

"दाराशेजारी, लाल खिशात."

"गावली!" काकू लगेच म्हणाल्या. मागच्या वेळी त्यांना चक्कर आली, तेव्हा मी स्वतःच फाईल घरभर शोधत रडले होते.

दवाखान्यात कळलं, सकाळी न खाता मधुमेहाची गोळी घेतल्यानं सासऱ्यांची, म्हणजे आबांची, साखर उतरली होती. आता आबा घरी पेज खात बसलेत. म्हणाले, "माझ्या चष्म्याला पण एक खिसा शिव."

तुमच्या घरातली फाईल शेजाऱ्यांना सापडेल का हो?