खालच्या रांगेतला शुभेच्छुक

'कुर्सी' या स्पॅनिश शब्दाने मला छळलं होतं. खुर्चीशी त्याचा काही संबंध नाही. उतू जाणारा भावुकपणा आणि वर भडक आवड, असा त्याचा अर्थ. अनुवादासाठी मराठी शब्द सापडेना. वैतागून पासपोर्ट फोटो काढायला क्रांती चौकातल्या फ्लेक्सच्या दुकानात गेलो, तर तो अर्थच तिथं उभा होता.

वाळूजच्या कुठल्याशा कंपनीच्या गणवेशातला एक गृहस्थ कॉम्प्युटरवरच्या पोराकडून बायकोच्या वाढदिवसाचा बॅनर करून घेत होता. गुलाब झाले, राजहंस झाले, तिच्या डोक्यावर मुकुट आला. दर वेळी तो मागं सरकून, मान तिरकी करून म्हणे, "अजून जरा."

"जास्त नाही होत?" मी विचारलं.

"साधं तर रोजच राहतो की, सर. एक दिवस लई होऊ द्या ना."

खालच्या रांगेत शुभेच्छुक म्हणून त्याचा एकट्याचाच फोटो होता. रांग त्याला ओकीओकी वाटली. त्याने माझ्या हातातल्या ताज्या फोटोंकडे आशेने पाहिलं.

शब्द अजून सापडलेला नाही. पण कधीही न पाहिलेल्या त्या वहिनींच्या बॅनरवर, राजहंसांखाली, मी गॉगल लावून झळकलो.

फोटोला गॉगल लावायला त्या पोराला मीच सांगितलं.