कुंचीवरचे वाकडे टाके

लाल खणात सुई तशीच टोचलेली होती, आणि तिच्या नेढ्यातून वीतभर हिरवा रेशमी दोरा खाली लोंबत होता… कशिदा काढणारी बाई कुणी हाक मारली म्हणून क्षणभर उठून गेली असावी आणि आत्ता परत येऊन बसणार असावी, तसा. हल्ली मला सुई नातीकडून ओवून घ्यावी लागते, समोरचे माणूसही आवाजावरून ओळखावे लागते. पण ती सुई मात्र डोळे मिटले की लख्ख दिसते.

आमचे घर कल्याणला, शेणाळे तलावाच्या बाजूला होते. लहानसे कौलारू घर, पुढे ओटी, मागे परसात विहीर आणि गोठा. माझे वडील, म्हणजे अण्णा, मुन्सफाच्या कचेरीत कारकून होते. धाकटे काका रेल्वेच्या नोकरीत इगतपुरीला असत, आणि द्वारकाकाकू आमच्यापाशी राहत असे. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि काकू जेमतेम सतरा-अठराची. आईची जाऊ असली तरी माझी मात्र ती मैत्रीणच होती. दुपारची आवराआवर झाली की ओटीवरच्या कवडशात ती आपली वेताची पेटी उघडी… पेटी उघडताच कापराचा, वाळ्याचा आणि नव्या रेशमाचा असा एक मिश्र, थंड सुगंध दरवळे. आत रंगीबेरंगी लडी असत, जरीच्या कलाबुतूची गुंडाळी असे, काचेच्या मण्यांच्या पुड्या असत. साखळी टाका, गाठीचा टाका, पाकळी भरायचा टाका, हे सगळे मी तिच्याकडूनच शिकले. ती स्वतः शिकली होती तिच्या आईकडून. ती माउली ठाण्याला एकटी राहत असे आणि मोठ्या घरांतल्या बाळांसाठी टोपरी, झबली, कुंच्या काढून देऊन आपला चरितार्थ चालवी. आपण विधवेचे लाल आलवण नेसून ती दुसऱ्यांच्या लेकरांच्या पाठीवर पोपट आणि कमळे फुलवीत असे.

त्या वर्षी काकूला दिवस गेले होते. पहिलटकरीण म्हणून तिने माहेरी, ठाण्याला जायचे ठरले होते. पण थंडी पडली आणि मुंबईकडून गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, येऊ लागला. आधी बातम्या आल्या, मग पेठेतल्या तांदळाच्या वखारींत उंदीर मरून पडू लागले, आणि मग एकेका आळीतून माणसे गुपचूप गाडी जोडून शेतातल्या झोपड्यांकडे निघाली. तिन्हीसांजेला घराघरांतून कडुनिंबाच्या पाल्याचा धूर निघे. शेजारच्या घरातली बोलणी एकाएकी थांबली की आई हातातले काम टाकून कान देऊन उभी राही. ठाण्याहून काकूच्या आईने निरोप धाडला, “इकडे येऊ नकोस. इकडे बरे नाही. बाळाचे कपडे मी पाठवते.”

आणि एके दिवशी सकाळी खाडीवरून एक कोळी आमच्या दारात आला. त्याच्या खांद्यावर पांढऱ्या फडक्याचे गाठोडे होते. ठाण्याहून त्याच्या मचव्यातून ते आले होते.

“ठान्याच्या आजीनं दिलंय,” तो म्हणाला. “बोलली, पोरीच्याच हातात दे, दुसऱ्या कोनाला देव नको.”

काकूने गाठोडे तिथेच ओटीवर सोडले. आत दोन झबली होती, एक टोपरे होते आणि ती कुंची होती. बाळाच्या डोक्यावरून थेट पाठीपर्यंत उतरणारी, टोपी आणि झूल एकातच असलेली. लाल खण, जरीचा काठ. पाठीवर समोरासमोर बसलेली पोपटांची जोडी, मधे अर्धे उमललेले कमळ, आणि कडेने लोंब्यांची वेल… इतकी बारीक की टाका कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते कळू नये. मी टाळ्या पिटल्या. काकू मात्र हसली नाही. ती वेलीवरून बोट फिरवीत खालच्या काठाशी आली होती. तिथे लोंब्या वाकड्या झाल्या होत्या, टाके लांब-आखूड पडले होते, एक पान तर वेल सोडून भलतीकडेच गेले होते. आणि तिथेच ती सुई टोचलेली होती.

“मथू,” ती हळूच म्हणाली, “माझ्या आईचा टाका असा कधीच पडत नाही गं.”

“घाईत असतील त्या,” मी म्हटले.

“घाईतही नाही.”

पण आईचीच वस्तू ती, हाती आल्यावर काकूला ती खाली ठेववेना. उरलेली वेल पूर्ण करायला आम्ही दोघी बसलो. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी, मधे मांडीवर पसरलेली लाल कुंची. दोरा संपत आला की मी तो दातांनी तोडायची, नव्याचे टोक ओलावून नेढ्यात घालायची. पुढे किती भयाने मला त्या ओलावलेल्या दोऱ्याची आठवण यायची होती, ते तेव्हा काय ठाऊक!

अण्णा एके दिवशी कचेरीतून भर दुपारी परत आले. नेहमीसारखे ओटीवर न चढता ते अंगणातच उभे राहिले. ठाण्याच्या एका पक्षकाराने त्यांना बातमी सांगितली होती. काकूची आई गेली होती. गाठीच्या तापानेच.

आईने “अगं बाई!” म्हणून एक किंकाळी फोडली आणि माझ्या धाकट्या भावाला खसकन ओढून माजघरात नेले. परत आली तेव्हा तिच्या हातात चुलीतले जळते लाकूड होते.

“द्वारका, टाक ते खाली. सगळं गाठोडं टाक. परसात नेऊन जाळते मी.”

काकूने कुंची छातीशी धरली. आई पुढे सरली, पण तिच्याजवळ जायची तिची छाती होईना. दोघींच्या मधे ते जळते लाकूड धूर सोडीत राहिले.

“जाऊबाई, जाळून आता काय होणार?” काकू म्हणाली. तिचा आवाज फार शांत होता, आणि त्या शांतपणाचीच मला भीती वाटली. “इतके दिवस हे माझ्या मांडीवर आहे. मथूच्या मांडीवर आहे. लागायचं ते लागून गेलं असेल.”

तेव्हा आईने माझ्याकडे पाहिले. ती नजर मी जन्मात विसरले नाही. माझीच आई, आणि ती मला भीत होती… माझ्यासाठीही भीत होती आणि मलाही भीत होती.

शेवटी अण्णांनीच ठरवले. गाय आधीच गावाकडे पाठवलेली होती, गोठा रिकामा होता. काकूने आणि मी तिथे राहायचे. ती कुंचीही तिथेच राहू द्यायची, पण घरात तिचा धागाही येता कामा नये. आई सकाळ-संध्याकाळ ताट आणून विहिरीच्या कठड्यावर ठेवी आणि मागे सरून उभी राही. मी ताट उचलेपर्यंत ती पदर तोंडाला लावून माझ्याकडे बघत राही. एकदा मी सवयीने तिच्याकडे धावले तर ती “तिथंच! तिथंच थांब!” असे ओरडली, आणि लगेच मटकन खाली बसून रडू लागली.

गोठ्यात शेणाचा, वाळल्या पेंढ्याचा आणि जुन्या दुधाचा वास भरून राहिला होता. भिंतीच्या फटींतून थंडीतला पातळ उजेड आत येई. सकाळी जाग आली की डोळे न उघडता मी आधी काखेत हात घाली, मग मानेवरून, मग जांघेत… कुठे काही लागते का? कधी हाताला आपलेच हाड लागे आणि अंगाला दरदरून घाम फुटे. शेजारी काकूही तेच करीत असे. आमची नजरानजर झाली की दोघीही काहीच घडले नसल्यासारखे पांघरुणाच्या घड्या घालू लागत असू.

दिवसभर करायचे काय? आम्ही कुंची काढीत असू. मला वाटे, काकू वेडी झाली आहे. ज्या कापडातून ताप आला असेल त्याच कापडात ती सुई कशी घालू शकते? एकदा धीर करून मी तिला विचारले, “काकू, तुला भीती नाही वाटत?”

“वाटते तर,” ती म्हणाली. “हात थांबला की जास्त वाटते.”

खालच्या काठाचे ते वाकडे टाके उसवून मी नीट भरू का, असे मी विचारले. तिने पटकन माझा हात धरला. “तेवढे राहू दे. ते तिचे शेवटचे आहेत.” मग बराच वेळ ती त्या भरकटलेल्या पानावर बोट ठेवून बसली. पोटातले बाळ हलले की ती दचके, आणि मग हलतेय म्हणून तिला जरासे हायसे वाटे.

आणि एके सकाळी मला हुडहुडी भरली.

आधी पायांत थंडी शिरली, मग दात वाजू लागले, मग अंग विस्तवासारखे पेटले. काकूने माझी काख चाचपली, मान चाचपली. तिची बोटे बर्फासारखी गार होती. “गाठ नाही, मथू. गाठ नाही गं,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, मला की स्वतःला, कोण जाणे. मला छपराच्या वाशांवर लाल पोपट बसलेले दिसत होते आणि ते वेल कुरतडीत होते… आणि त्याच वेळी समोरच्या आळीतून बुटांचा आवाज आला. सरकारी तपासणीची माणसे आली होती.

त्या बुटांच्या आवाजाने सगळी आळी मुकी होत असे. ताप असलेल्या माणसाला ते डोलीत घालून तापाच्या इस्पितळात नेत, आणि तिथून परत आलेले आमच्या ओळखीत कुणी नव्हते. घरातले कापडचोपड अंगणात काढून पेटवीत. पुढच्या दारावर थाप पडल्याचे मी ऐकले. आणि मग जे घडले ते तापातले स्वप्न नव्हते, हे मला पुढे काकूनेच सांगितले. इतके दिवस विहिरीच्या पुढे पाऊल न टाकणारी माझी आई धावत गोठ्यात आली, तिने मला दोन्ही हातांनी उचलून पोटाशी घट्ट धरले, गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली, मला मांडीवर टेकवले आणि माझ्या वेणीचा पेड सोडून केस विंचरू लागली. तिच्या अंगाचा चुलीच्या धुराचा, खोबरेल तेलाचा वास… मी तो किती दिवस घेतला नव्हता!

एक गोरा शिपाई, एक डॉक्टर आणि आपल्याकडच्याच वाटणाऱ्या एक नर्सबाई परसात आल्या. पुरुष विहिरीपाशी थांबले. बाईंनी पुढे येऊन माझ्या कपाळाला हात लावला.

“अंग कढत आहे हिचं.”

“हिवताप आहे,” आई म्हणाली. “दरसाल येतो. गाठ आहे का बघा, नसली तर सोडा माझ्या लेकीला.”

बाईंनी माझी काख पाहिली, मान पाहिली. मग त्यांची नजर काकूच्या हातातल्या कुंचीवर गेली. “हे कुठून आलं? ठाण्या-मुंबईहून काही कापड आलंय का घरात?”

काकूचा चेहरा पांढराफटक पडला. आईने शांतपणे हात लांब करून तिच्याकडून कुंची घेतली आणि माझ्या पाठीवर पसरली. “कुठून येणार? मीच काढते आहे, जावेच्या बाळासाठी,” असे म्हणत तिने सुई उचलली आणि त्या वेलीत एक टाका घातला. मग दुसरा. मग आणखी एक. माझ्या आईने जन्मात कशिद्याची सुई हाती धरली नव्हती. गोधडीला घालावे तसे ते भले थोरले टाके त्या नाजूक लोंब्यांवर आडवे पडले.

बाईंनी ते टाके पाहिले, शेजारचे पोपट पाहिले, आईकडे पाहिले. पाण्याचा रहाट वाऱ्याने कुरकुरत होता, तेवढाच आवाज… मग त्या मागे वळल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, “हिवतापच आहे. गाठ नाही.”

खरेच हिवताप होता. तो दिवसाआड येत येत ओसरला. काकूला काही झाले नाही, आईलाही नाही. माघात काकू आमच्याच घरी बाळंत झाली; मुलगी झाली.

साथ उतरल्यावर वैशाखात आई, काकू आणि मी बाळाला घेऊन ठाण्याला गेलो. तलावापलीकडच्या त्या बोळात काकूच्या माहेराला कुलूप होते. दारावर तपासणीवाल्यांनी काढलेले लाल वर्तुळ उन्हाने फिकट झाले होते. तसल्या उकाड्यात काकूने पिशवीतून कुंची काढली आणि बाळाला घातली. मग बंद दाराकडे तोंड करून ती बाळाला दोन्ही हातांवर धरून उभी राहिली. शेजारच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली, पण अंगण ओलांडून जवळ आली नाही.

“डोलीत घालून नेली तिला,” तिने लांबूनच सांगितले. “नेताना सारखी विचारीत होती, नाव सुटली का, नाव सुटली का.”

“गाठोडं दिलं तेव्हा ताप होता तिला?” काकूने विचारले.

म्हातारीने मान हलवली. होता.

परतीच्या गाडीत आम्ही बायकांच्या डब्यात बसलो होतो. खिडकीबाहेर मिठागरांची शुभ्र खाचरे उन्हात डोळे दिपवीत होती. बाळ काकूच्या मांडीवर झोपले होते. आई म्हणाली, “आजारी माणसाला कळत नाही गं, द्वारका, आपल्याला काय झालंय ते. मनाला लावून घेऊ नकोस.”

काकूने बाहेरची नजर काढली नाही.

“तिला कळलं होतं, जाऊबाई,” ती म्हणाली. “ताप आपल्या अंगात आला हेही कळलं होतं, आणि नातवंडाला आता आपण बघणार नाही हेही. दोन्ही कळलं, आणि तरी तिनं पाठवलं.”

आईने काकूच्या मांडीवरून बाळाला उचलून आपल्याकडे घेतले, आणि कल्याण येईपर्यंत खाली ठेवले नाही.

तो विषय पुन्हा आमच्या घरात निघाला नाही. आई गेली, मग काकू गेली. दोघींपैकी कुणालाही मी विचारू शकले नाही की काकूच्या आईने आपल्या लेकीवर माया केली की तिला मरणाच्या दारात लोटले. आता माझे वय त्या माउलीच्या तेव्हाच्या वयाहून पुष्कळच पुढे गेले आहे… आणि तरी तिच्या जागी मी काय केले असते, हे मला अजून सांगता येत नाही.