आज नमुना, पाणी उद्या

पाण्याचा पेला पुढे आला की मॅडम त्यावर तळहात आडवा धरायच्या आणि म्हणायच्या, "आज नमुना. पाणी उद्या."

नळाचं पाणी तपासायला आलेलं माणूस त्या घरचं पाणी पीत नाही, हे तुम्ही पाहिलंच असेल. आम्ही सगळे तसलेच, आपली बाटली आपल्या खांद्याला. जंतूंची चाचणी व्हायला एक दिवस लागतो. पाणी चांगलं निघालं की मॅडम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना खरोखर त्याच दारात जायच्या, पेलाभर पाणी प्यायच्या आणि मग आपल्या घरी. वाईट निघालं तर जायच्या नाहीत, दुरुस्तीवाले जायचे. नवागाम वस्तीतल्या बायकांना तेवढं पुरायचं. मॅडम आल्या नाहीत ना, मग पाणी उकळा.

मला त्यांचा हेवा वाटायचा. वाटायचा म्हणजे काय, जळायचो मी! सुरतेतल्या एकाच प्रयोगशाळेत आम्ही दोघं, दोघंही खानदेशी, दोघंही डॉक्टरेटवाले. वरिष्ठ वैज्ञानिकाची जागा निघाली ती एक, आणि ती त्यांना मिळाली. बरं, बाईंनी जरा तोरा दाखवावा, म्हणजे मला मनातल्या मनात शिव्या तरी देता आल्या असत्या. तेही नाही. दारावर पाटी लागली त्या दिवशी माझ्या टेबलावर नानखटाईचा पुडा ठेवून म्हणाल्या, "भाऊ, खुर्ची माझी झाली, पण ते नवीन यंत्र तुम्हालाच कळतं. या जरा."

नानखटाई खाल्ली मी. गोड लागली नाही.

रसायनांच्या चाचणीसाठी तापीवर नमुना घेताना बाटली आधी नदीच्याच पाण्यानं विसळतात. नियमच आहे तो, आणि मी तो वर्षानुवर्षं शिकवत आलोय. मॅडम नव्या मुलींना म्हणाल्या, "आधी बाटलीची नदीशी ओळख करून द्या." झालं! प्रयोगशाळेत ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. माझं एखादं वाक्य कुणाच्या लक्षात राहिलं असेल तर शपथ.

त्यांचे वडील रेल्वेत गँगमन होते. मॅडम नवागामातच वाढल्या आणि एवढ्या शिकूनसवरून तिथंच राहिल्या. मी नदीपलीकडं अडाजणला फ्लॅट घेतला. मॅडम गल्लीत शिरल्या की एका दारातून "जय भीम, ताई" आणि दुसऱ्या दारातून अहिराणीत चौकशी. अहो, अहिराणी माझ्याही घरात होती! मला कधी कुणी हाक मारली नाही.

एका वर्षी त्यांच्याच शेजारच्या गल्लीत गटाराचं पाणी नळात शिरलं. मुलं तापानं फणफणली. पाइप बदलला, लाइन धुतली, मग मॅडमनी घरोघरचे नमुने घेतले आणि दारोदार सांगितलं, "पाणी उद्या." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या छातीत कळ आली आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं.

नमुने स्वच्छ निघाले. अहवालावर सही माझी. पण संध्याकाळी मॅडम आल्या नाहीत, आणि गल्लीनं जे समजायचं ते समजून घेतलं. चांगलं पाणी बायका मोरीत सोडून द्यायला लागल्या आणि लूमवर राबून आलेली माणसं पाण्याचे जार विकत आणायला लागली.

मी गेलो. तणतणतच गेलो. "पाणी स्वच्छ आहे. मॅडम दवाखान्यात आहेत, म्हणून आल्या नाहीत."

गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या आक्का, लूम कामगाराची म्हातारी आई, घाबरून म्हणाल्या, "हाईच पानी पिसन आजारी पडन्यात का?"

घ्या! होतं नव्हतं तेवढंही मुसळ केरात.

"अहो नाही! त्यांचं दुखणं वेगळं. पाणी चांगलं आहे, मी सांगतोय ना!"

आक्कांनी माझ्या खांद्याकडं बोट केलं. "सायेब, तुम्हनी बाटलीमा कोठलं पानी शे?"

"घरचं."

आक्का आत गेल्या. त्यांनी जारमधलं पाणी पेल्यात ओतलं.

मी तडक दवाखाना गाठला आणि कटकट सुरू केली. "मॅडम, तुमच्या या सवयीनं सगळा घोळ केलाय. माझ्या सहीला तिथं काडीची किंमत नाही!" नाकाला नळी लावलेली, तरी बाई हसल्या. "मग प्या ना तुम्ही, भाऊ. तहान लागत नाही का तुम्हाला?"

आमचं ते शेवटचं बोलणं. त्या घरी आल्याच नाहीत.

शेवटचा निरोप द्यायला नवागाम लोटलं होतं. रडू मलाही आलं. पण खोटं कशाला बोलू, तिथंही मनात आलंच, माझ्या वेळी इतकी माणसं येतील का?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बाटली घरी ठेवून त्या गल्लीत गेलो. दारांपुढं जार तसेच उभे होते. आक्कांना म्हटलं, "नळाचं पाणी द्या." त्यांनी पेला भरून दिला आणि माझ्या तोंडाकडं बघत उभ्या राहिल्या. शेजारच्या बायका दारात आल्या. मी तळ दिसेपर्यंत प्यालो.

आक्कांनी पदरानं डोळे पुसले आणि गल्लीला मोठ्यानं सांगितलं, "मॅडमना सायेबनी पानी पिधं वं! भरी ल्या!"

एकेका मोरीत कळश्या वाजायला लागल्या.

मॅडमचा साहेब! वरिष्ठ वैज्ञानिकाची खुर्ची पुढं मला मिळाली, पाटीवर माझं नाव लागलं, पण त्या गल्लीत माझं नाव आजही तेच आहे. त्या संध्याकाळी तर असा तिळपापड झाला माझा! म्हटलं, आत्ताच्या आत्ता जाऊन बाईंना सांगतो, बघा, पाणी मी प्यालो आणि नाव तुमचं. तरातरा नाक्यावर आलो, रिक्षा थांबवली, रिक्षावाल्याला दवाखान्याचं नाव सांगितलं आणि आत बसलोसुद्धा.