कप भरला की उठायचं

ताटात प्लोव अजून निम्मा शिल्लक होता आणि यजमान उठून उभे राहिले. छातीवर हात ठेवून किंचित वाकले. त्यांच्यामागोमाग घरातले सगळे उठले. सून आमचे कोट आणायला आत गेली. माझे सगळे पॅक्स हातात घास धरून माझ्याकडे बघायला लागले.

पॅक्स म्हणजे प्रवासी. आमच्या धंद्यात माणसाला माणूस म्हणायची पद्धत नाही. मी जळगावच्या एका टूर कंपनीत टूर मॅनेजर आहे. खानदेशातली माणसं परदेशात न्यायची आणि जितकी नेली तितकी परत आणायची, हे माझं काम. मधल्या काळात कुणाचा पासपोर्ट सापडत नाही, कुणाची बीपीची गोळी, कुणाची लसणाची चटणी. ते सगळं मी शोधते.

त्या दिवशी आम्ही समरकंदला होतो. कार्यक्रमात होम डिनर होतं. म्हणजे हॉटेलऐवजी तिथल्या एका कुटुंबाकडे जेवण. सगळं आधी ठरवलेलं असतं, पण घर खरं असतं आणि माणसंही खरी असतात. प्लोव हा आपल्या पुलावाचा थोरला भाऊ. आमच्यासाठी त्यांनी तो मटणाशिवाय, गाजर आणि हरभरे घालून केला होता. टरबूज कापायचं बाकी होतं. आणि यजमान निरोप द्यायला उभे.

आमची गाइड दिल्नोझा नेमकी बाहेर ड्रायव्हरशी बोलत होती. मी खोलीभर नजर फिरवली. दारापासून सगळ्यात लांब, आतल्या बाजूला नाना बसले होते. समोर काठोकाठ भरलेला चहाचा कप. त्याला त्यांनी हात लावला नव्हता. चेहरा पार उतरलेला.

नाना रावेरचे. केळीची बाग आहे. ही टूर त्यांनी एकट्यानं बुक केली नव्हती. फैजपूरचे केळीचे व्यापारी हमीदभाई, त्यांचे जुने दोस्त, दोघं मिळून ऑफिसात आले होते. समरकंदचं वेड हमीदभाईंचं. ते बोलत होते आणि नाना नुसती मान डोलवत होते. दोघांना मिळून एक खोली घेतली. व्हिसा यायच्या आत हमीदभाई झोपेतच गेले.

मी नानांना फोन केला. म्हटलं, "नाना, बुकिंग रद्द करू का?"

"कशाले? त्यानं ठरवलं व्हतं नं जायचं. मी जातो."

खोलीत दोन पलंग होते. दुसऱ्या पलंगावर नाना काही ठेवायचे नाहीत. बॅगसुद्धा खाली फरशीवर. टूरभर ते कुणाशी धड बोलले नाहीत. बायका म्हणायच्या, नाना शिष्ट आहेत. शिष्ट कसले. माणूस आतून रिकामा झाला होता, एवढंच.

त्या घरात मात्र ते खुलले. अंगणात द्राक्षाचा मांडव होता. यजमान नानांच्याच वयाचे. नानांनी वेलाचं एक पान उलटं करून पाहिलं आणि मान हलवली. यजमानांनीही मान हलवली. मग जे सुरू झालं! नाना रावेरच्या बोलीत, ते उझबेकमध्ये. पाणी, खत, कीड. कुठं म्हणजे कुठं अडलं नाही. नानांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं आणि मनात म्हटलं, चला, ही टूर पावली.

आणि आता हे.

बसमध्ये मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. "नाना, झालं काय?"

"काही नाही. आपणच येडे."

"सांगा तरी."

"आधी त्यानं मले आत कोपऱ्यात नेऊन बसवलं. बरं, बसलो. मग कपात चहा ओतला आन परत किटलीत घातला. पुन्हा ओतला, पुन्हा घातला. देतो का नाही देतो! शेवटी दिला तं दोन घोट. कोरा, बिनसाखरेचा. पोरी, आपल्याकडे कामावरच्या माणसालेबी कोणी असा चहा देत नाही. मी हातानं दाखवलं, भर बाबा. त्यानं माह्याकडं पाहिलं, कप भरला आन उठूनच गेला. हाकललं मले."

त्यांनी खिडकीकडं तोंड वळवलं. म्हणाले, "हमीद चहा ओते तं बशीत सांडे. म्हणे, सांडला म्हणजे आता बस, जाऊ नको. त्याच्या वखारीत रोज संध्याकाळी बसायचो आम्ही. आज त्या म्हाताऱ्याच्या अंगणात मले वाटलं, तसंच बसायले भेटलं पुन्हा."

मी पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली आणि उठले.

दिल्नोझाला मी पुढच्या सीटवर गाठलं. तिनं ताश्कंदला हिंदीचा अभ्यास केलाय, माझ्यापेक्षा शुद्ध बोलते. मी सगळं सांगितलं तशी तिनं कपाळावर हात मारला.

"दीदी, दरवाज़े से सबसे दूर की जगह तो सबसे बड़े मेहमान की होती है।"

आणि चहा? तो तीनदा कपात ओतून परत किटलीत घालतात, म्हणजे चांगला उतरतो. पाहुण्याला नेहमी थोडाच द्यायचा. थोडा दिला की तो लवकर संपतो, पुन्हा ओतता येतो, पाहुणा पुन्हा थांबतो. जितका मान मोठा तितका कप रिकामा. आणि काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ, प्या आणि निघा.

म्हणजे नानांनी स्वतःच निरोप मागितला होता. यजमानांना वाटलं, वयस्कर पाहुणा दमलाय. वाईट वाटलं असेल, पण पाहुण्याचा शब्द मोडायचा कसा, म्हणून त्यांनी कप भरला आणि ते उठले. दोघंही एकमेकांना धरून ठेवायला बघत होते आणि दोघांनीही एकमेकांना घालवून दिलं. एवढा राग आला मला. कुणावर, ते सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमची ताश्कंदची गाडी होती. सकाळी बाजारात फ्री टाइम. फ्री टाइम म्हणजे पॅक्सनी खरेदी करायची आणि टूर मॅनेजरनं गेटावर उभं राहायचं. मी साहेबांना जळगावला फोन लावला.

"साहेब, फ्री टाइममध्ये एका पॅक्सला घेऊन बाहेर जाते. गेटावर दिल्नोझा थांबेल."

"कुठं? दवाखान्यात?"

"चहा प्यायला."

"डोकं ठिकाणावर आहे का? बाजारात चहा मिळत नाही?"

"हा मिळत नाही, साहेब."

"ग्रुप सोडायचा नाही हा नियम कुणी शिकवला तुला?"

"तुम्हीच."

मग म्हणाले, "गाडी चुकली तर तिथंच राहा." आमच्या साहेबांची परवानगी ही अशीच असते.

दिल्नोझानं त्या घरी फोन करून ठेवला होता. टॅक्सीत मी नानांना कपाचं सगळं समजावून सांगितलं. टॅक्सी गल्लीत वळली तर यजमान दारात उभे. नानांचा हात दोन्ही हातांत धरून त्यांनी त्यांना मांडवाखाली नेलं. त्याच आतल्या जागेवर बसवलं. चहा ओतला, किटलीत घातला, ओतला, घातला. मग कपात दोन घोट.

नानांनी ते दोन घोट घेतले आणि कप पुढं केला. पुन्हा दोन घोट.

मी बाजूच्या बाकावर बसून होते. दुभाषी नव्हता, आणि त्याची गरजही पडली नाही. मध्येच नानांनी मोबाइल काढून हमीदभाईंचा फोटो दाखवला. बोट आभाळाकडं केलं. यजमानांनी फोटो बराच वेळ पाहिला. मग दोन्ही तळवे पुढं धरून हळू आवाजात काही म्हटलं आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवले. नानांनीही तसेच फिरवले. हमीदभाईंना करताना त्यांनी आयुष्यभर पाहिलं असणार. मग यजमानांनी पुन्हा थोडा चहा ओतला.

मला घड्याळ बघावं लागत होतं. उठा म्हणायचं कसं? नानांनीच माझ्याकडं पाहिलं. कप पुढं केला आणि बोटानं काठ दाखवला. भर.

यजमान जरा थांबले. मग कप भरला. नानांनी तो अगदी सावकाश प्यायला. दोघं उठले आणि एकमेकांच्या गळ्यात पडले. निघताना यजमानांनी दोन कप वर्तमानपत्रात गुंडाळून नानांच्या पिशवीत घातले.

गाडी आम्हाला मिळाली. ग्रुप सोडून गेले हे चुकलं असं मला वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर तसं वाटत नव्हतं.

पुढं एका नव्या ग्रुपला माहिती द्यायला रावेरला गेले होते. काम आटोपल्यावर नानांकडे डोकावले. भुसावळहून गाडी पकडायची होती, घाईत होते. मी असतेच घाईत. धुळ्याला देवपुरात माझी आई एकटी राहते. तिच्याकडे गेले तरी दारातूनच सांगते, "अर्धाच दे गं, निघायचंय." ती बिचारी अर्धाच करते आणि ओट्यापाशी उभी राहते.

नानांनी ते दोन कप काढले. चहा आपलाच, दुधाचा, गवती चहा घातलेला. माझ्यापुढं ठेवला तो दोन घोट.

त्यांची सून ओशाळली. "नाना, काय हे! ताईले असा चहा देता?"

"तुले नाही समजायचं ते. तिले समजते."

मी प्याले. त्यांनी पुन्हा ओतला. बागेबद्दल बोलले, हमीदभाईंच्या वखारीबद्दल बोलले. वखार आता त्यांच्या मुलानं भाड्यानं दिलीय, तिकडून जाताना नाना मान फिरवतात. पुन्हा ओतला. माझ्या पर्समध्ये फोन थरथरत होता. शेवटी म्हटलं, "नाना, भरा आता."

त्यांनी किटली उचलली. कप भरला, पण ओतणं थांबलं नाही. चहा कपावरून खाली बशीत सांडला.

"आता हा समरकंदचा समज, नाही तं हमीदचा," नाना म्हणाले. "तुह्यावर हाये."

मी फोन बंद केला आणि बशी उचलली.

भुसावळची गाडी गेली. साहेब जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. निघण्याआधी ग्रुपला सूचना देते, त्यात आता एक वाक्य वाढवलंय. परदेशात कुणाच्या घरी गेलात तर कप किती भरला ते बघू नका, यजमान बसलेत की उभे आहेत ते बघा.

देवपूरला मी हल्ली अर्धा चहा मागत नाही. आईनंही एकदाच विचारलं, "आज गाडी नाही का?" आता तेही विचारत नाही. ओतते आणि समोर बसते.