वेळशेतची सहा दिवसांची पळण

रत्नागिरीच्या कचेरीत सदू तांडेल नकला करायचा. कुणाचा जमिनीचा दावा, कुणाची जबानी, कुणाचा कबुलीजबाब, सगळं त्याच्या वळणदार अक्षरातून पार व्हायचं. शेकड्यांनी लोकांचे गुन्हे त्याने स्वच्छ अक्षरात उतरवून काढले. स्वतःचा एक गुन्हा तेवढा बारा वर्षं तोंडातून बाहेर पडत नव्हता.

दुपारी डबे उघडले की कारकून मंडळी लहानपणीच्या सुट्ट्यांवर यायची. कुणी बैलगाडीतून पालीला मामाकडे गेलेला, कुणी खेडला मावशीकडे जगबुडी नदीत डुंबलेला. सगळ्यांचं सांगून झालं की सदू मिशीवरून हात फिरवायचा.

"आमची पळण बघितली नाहीत ना तुम्ही? मग तुम्ही सुट्टी बघितलीच नाहीत!"

सदूचं गाव वेळशेत, रत्नागिरीहून खाली दोन खाड्या ओलांडल्यावर लागणारं. तिथे दर चार वर्षांनी, मार्गशीर्षात भात घरात आलं की देवाला कौल लावायचे, आणि देवाने होकार दिला की अख्खं गाव उठून शिवेबाहेर जायचं. हीच पळण. तीन दिवस गाव देवाच्या ताब्यात. तिथे माणसाने राहायचं नाही, चूल पेटवायची नाही, आवाजसुद्धा करायचा नाही. माणसांबरोबर गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळी बाहेर. ओढ्यापलीकडच्या कातळावर नारळाच्या झापांच्या खोपी उभ्या राहायच्या आणि त्यात घरंच्या घरं मुक्काम ठोकायची.

पोरांची तर चैनच. घरी ज्या भाताला नाक मुरडायचं, तोच भात तीन दगडांच्या चुलीवर धुरकटला की तीनदा मागून घ्यायचा. शेजारच्या खोपीतलं भांडण झापातून अक्षरन्अक्षर ऐकू यायचं. भांडणारा दम घ्यायला थांबला तर पलीकडची माणसं पुढचं वाक्य सुचवायची.

पण सदूला पळण हवी असायची ती बापासाठी. गंगाराम तांडेल गलबतावर असे. मंगळूरची कौलं भरून मुंबईला जायचं, परत खाली यायचं. पावसाळ्यात घरी असे, पण तेव्हा भातलावणी, शेताचे दगडी गडगे, आणि उरलेल्या वेळात झोप. पळणीला मात्र गलबत बंदरात लावून तो यायचाच, आणि तिथे त्याला करायला काहीही काम नसे. कातळावर पाय पसरून बसलेला, तंबाखू मळणारा, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारा बाप चार वर्षांतून तीन दिवस मिळायचा.

सन पंचवीसच्या पळणीला सदू दहा वर्षांचा होता. त्याने हिशेब केला: पुढची पळण येईपर्यंत आपण चौदाचे. मग त्याने म्हाताऱ्यांकडून एक गोष्ट काढून घेतली. गावात एक जरी जीव मागे राहिला तर काय होतं? "पळण बाटते. पुन्हा पहिल्यापासून तीन दिवस."

झालं. निघण्याच्या गडबडीत शेजारच्या हौसाकाकीचं कोंबड्यांचं डालगं अंगणात होतं. काकी आत चूल विझवत होती. सदूने डालग्यातला कोंबडा बगलेत मारला, काकीच्या रिकाम्या गोठ्यात सोडला, करवंटीत पाणी ठेवलं, मूठभर तांदूळ टाकले, दार ओढून घेतलं. आणि शहाण्या मुलासारखा आईचं बोचकं डोक्यावर घेऊन गावाबरोबर चालू लागला.

कातळावर पोचल्यावर काकीला डालग्यात कोंबडा दिसेना. वाटेत निसटला असेल, कोल्ह्याने धरला असेल, असं मनाशी म्हणून ती गप्प राहिली. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. काशीरामकाका स्वभावाने वाईट नव्हता, पण दुसऱ्याची चूक सापडली की ती जन्मभर जपून ठेवणाऱ्यांतला होता.

तिसऱ्या दिवशी परतीचा कौल लावायच्या आधी रीतीप्रमाणे गुरव आणि चार जाणती माणसं शिवेवर उभी राहून गावाचा कानोसा घेऊ लागली. गाव गप्प. पानही हलत नव्हतं. गुरव समाधानाने मान डोलावतो तोच गावातून कोंबड्याची बांग आली. तीही घसा बसल्यासारखी, शेवटी खरखरत तुटणारी. तसा आवाज पंचक्रोशीत एकाच कोंबड्याचा होता.

"काशीरामाचाच हो हा!"

"कुणी ठेवलान मागं?"

पळण बाटलीच होती, म्हणून गुरवाने माणूस पाठवून कोंबडा बाहेर आणवला; तो बंद गोठ्यात सापडला. काशीरामकाका बायकोकडे वळला. "डालगं कुणी भरलं होतं?"

"मीच भरलं," काकी म्हणाली. "कोंबडापण घातला होता. देवाशप्पथ घातला होता."

"मग तो काय डालग्यातून उठून दार लावून गोठ्यात बसला?"

सगळे हसले. सदूही हसला. सगळ्यांत मोठ्याने तोच हसला, भीतीने. मग काकीने पदर पसरून गावाची माफी मागितली, आणि गावाने कपाळावर हात मारत पुन्हा खोपी घट्ट केल्या.

ते जास्तीचे तीन दिवस! गंगारामने सदूला पांगाऱ्याच्या लाकडाचं गलबत कोरून दिलं. वारा कुठून वाहतो ते ओल्या बोटाने कसं ओळखायचं ते शिकवलं. एकदा कालिकतला उतरून आपण दोन दिवस वाट चुकलो होतो हेही सांगितलं. हे त्याने बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. एकदा ओढ्यात पाय सोडून बसल्यावर तो आपणहून म्हणाला, "बरं झालं रे कोंबडा राहिला."

सदूने तेव्हाच सांगायला हवं होतं. पण बाप इतका खुशीत होता!

पुढच्या वर्षी हिवताप झाला आणि गंगाराम गेला. त्यामुळे सदूची पंचाईत अशी झाली की त्या तीन दिवसांचा पश्चात्ताप करायला बसावं तर तेच तीन दिवस उराशी धरावेसे वाटायचे.

इकडे हौसाकाकीचं निराळंच चाललं होतं. काशीरामकाकाने घराची किल्ली तिच्याकडून काढून घेतली ती आपल्या करगोट्याला बांधली. चूल विझली का, ते तो तिच्या मागोमाग जाऊन बघायचा. पाहुण्यांना सांगायचा, "आमच्या हिला ध्यान नाय हो. गावाला विचारा."

एकोणतीसच्या पळणीला सदू सगळं सांगायचं असं मनाशी ठरवून तिच्या खोपीत गेला. काकीने कुर्ल्यांचं कालवण वाढलं. कालवण फार चांगलं होतं. दोनदा भात वाढून घेऊन तो तसाच परत आला.

तेहतीसला तर समोरच प्रसंग उभा राहिला. निघताना भर अंगणात काशीरामकाकाने हुकूम सोडला, "उघड डालगं. मोज, मोठ्यानं." काकी केस पिकलेली बाई, शाळेतल्या पोरीसारखी एक, दोन, तीन म्हणत होती, आणि वाडी बघत होती. सदू दोन हातांवर उभा. आता तो कचेरीत नोकरीला लागला होता, गावात त्याला मान होता. त्याने घसा खाकरला. काका वळला. "काय रे सदू?"

"काही नाही. तंबाखू आहे का, काका?"

पस्तीसच्या पावसाळ्यात काशीरामकाका गेला. सदूला रत्नागिरीत निरोप मिळाला तेव्हा तो कुणाच्या तरी कबुलीजबाबाची नक्कल करत होता. त्या कागदावर त्याच्या हातून पहिल्यांदा शाईचा डाग पडला.

सदतीसची पळण आली. रजा काढून सदू वेळशेतच्या कातळावर पोचला आणि बोचकं खाली ठेवायच्या आधीच काकीच्या खोपीपाशी गेला. ती सुपात कुळीथ निवडत होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: बगल, गोठा, करवंटी, तांदूळ. बापासाठी केलं, हेही सांगितलं.

काकीचे हात थांबले.

"ह्यांना सांगितलंस?"

"काका तर..."

"मग मला कशाला सांगतंस?" तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच सदूला उभं राहवेना. "मी कोंबडा डालग्यात घातला होता, हे मला चांगलं आठवायचं. पहिली दोन वर्षं मी ह्यांच्याशी भांडले. मग ह्यांनी इतक्यांदा सांगितलं की मलाच ते आठवेनासं झालं. रोज झोपताना दोनदा चूल बघते मी, मेल्या. अजून बघते."

"काकी, चुकलं माझं."

"सगळ्यांसमोर सांग. कौल लावतील तेव्हा."

तिसऱ्या दिवशी गाव जमलं. सदू पुढे झाला आणि कचेरीतल्या जबानीसारखं, काही न गाळता बोलला. मग म्हातारा गुरव हसायला लागला.

"वा रे सदू! म्हातारीला हलकं वाटावं म्हणून स्वतःच्या डोक्यावर घेतंस?"

"नाही हो, खरंच मीच..."

"गंगारामाचा पोरगा शोभतोस! मन केवढं!"

"देवाशप्पथ सांगतो..."

"देवाची शप्पथ पण घेतलान बघा हौसेसाठी!"

सदू जितका जीव तोडून सांगू लागला, तितका तो गावाच्या नजरेत मोठा होत गेला. बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. कुणीतरी देवापुढचा नारळ आणून त्याच्या हातात दिला. त्याने गर्दीत काकीला शोधलं. तिने सगळं ऐकलं होतं. ती उठली, मांडीवरची कुळथाची टरफलं झटकली, आणि शेजारणीला म्हणाली, "चल गो, भात करपेल."

सदू नारळ घेऊन तसाच उभा राहिला. लोक त्याच्या पाठीवर थाप मारून जात होते, आणि कुणाकुणाला तो अजूनही सांगत होता, "अहो, ऐका तरी."