नानांचा न धुतलेला सदरा

नानांच्या स्कूटरच्या डिकीत बहुतेक वेळा एक न धुतलेला सदरा असायचा. त्यांचा नव्हे, दुसऱ्याच कुणाचा तरी. प्लास्टिकच्या पिशवीत, वर गाठ मारलेला. रविवारी सकाळी आमच्या मंडळाची माणसं मोशीच्या माळावर जमली की कुणीतरी विचारायचंच, "नाना, आज कुणाचा माल?" नाना डिकीवर थाप मारायचे. "दापोडीचा हाय. चांगला घामेजलेला. काळजीच न्हाई."

आमचं मंडळ कारवानी कुत्री पाळणाऱ्यांचं. लांब पायांची, निमुळत्या तोंडाची ही जात माळरानावर सशामागं पळण्यासाठी घडलेली. ती आता आमच्याबरोबर फ्लॅटमध्ये राहते. फटाका वाजला किंवा रस्त्यावर ट्रकचा टायर फुटला की बिथरते आणि बघता बघता दिसेनाशी होते. चाकणच्या कंपनीतून रिटायर झाल्यावर नानांनी मंडळात एकच काम मागून घेतलं, हरवलेलं कुत्रं परत आणायचं. कुत्रं शेवटचं दिसलं त्या जागी मालकाचा अंगावरचा सदरा ठेवायचा. मालकानं शेजारी जमिनीवर बसायचं, पाठ करून. हाक मारायची नाही, वळून बघायचं नाही.

नानांच्या बायको, आमच्या काकू, त्यांना टोमणे मारायच्या. "कंपनीनं घड्याळ दिलं, शाल दिली, अन् यांनी लोकांची मळकी कापडं गोळा करायचा धंदा काढला. घरात वास मारतोय नुसता." नाना हसून म्हणायचे, "वासावरच तर चाललंय सगळं."

मी नानांना कंपनीपासून ओळखत होते. औशाजवळच्या छोट्या गावातून शिकून आलेली, घरातली पहिली पदवीधर. मीटिंगमध्ये सगळे भराभर इंग्रजी बोलायचे आणि माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. इन्स्पेक्शनच्या टेबलाशी मी रडवेली उभी असताना नाना म्हणाले, "गप बसता येतंय ना? मग निम्मं काम आलं. बोलणं येतंय मागनं." ते खरंच मागून आलं. आज मी मीटिंग घेते, तेव्हा सुरुवात करण्याआधी क्षणभर गप्प बसते. ते नानांचं देणं आहे.

मंडळातलं पिल्लू कुणाला द्यायचं हेही ते याच मापानं ठरवायचे. रावेतला एका मोठ्या सोसायटीत मी त्यांच्याबरोबर गेले होते. घरमालक साहेब कौतुकानं सांगत होते, "नाना, खाली गार्डन आहे, ट्रॅक आहे, डॉक्टर बोलावला की घरी येतो."

"ते झालं. तुमच्यात गप कोण बसतंय?"

"म्हणजे?"

"चहा येईस्तोवर कुणी बोलायचं न्हाई. फोन बी न्हाई."

सगळं घर अवघडून बसलं. साहेबांचा हात दोनदा खिशाकडे गेला. त्यांची सासू मात्र जपमाळ घेऊन कोपऱ्यात निवांत बसली होती. नाना उठता उठता म्हणाले, "आजींच्या नावानं देतो पिल्लू."

पुढच्याच दिवाळीत ते पिल्लू, आता चांगलं मोठं झालेलं, फटाक्यांना घाबरून पळालं. साहेब मोटरसायकलवर त्याच्यामागे, नाव घेऊन ओरडत. आमच्या लोकांच्या हातून हीच चूक होते. पाठलाग केला की या जातीला ती शर्यत वाटते आणि ती हायवेकडे सुटते. नानांनी गाडी आडवी घातली. "बंद करा आदी! तुमीच पळवताय त्याला!" मग साहेबांना इस्त्रीच्या पॅंटीसकट मातीत बसवलं, पाठ करून.

"नाना, ते मागून आलं तर मला कळणार कसं?"

"कळतंय. मानंवर श्वास येतो."

आणि आला. साहेब मोठ्यानं रडले. नाना लांब उभे होते आणि त्यांचा चेहरा विचित्र झाला होता. परत येताना ते आपणहून बोलले. नोकरीला नवे लागले तेव्हा त्यांचा कुत्रा पाखऱ्या असाच बिथरला होता. ते सायकलवरून हाका मारत त्याच्यामागे गेले होते, पार नदीपर्यंत. तो पुन्हा दिसला नाही. "मला सोडून न्हवता पळत तो," नाना म्हणाले. "माझ्या वरडण्याला पळत हुता. हे कळायला निम्मा जलम गेला." पुढे कधीकधी माळावर ते एकटेच बसलेले दिसायचे, नदीकडे पाठ करून. आम्ही तिकडे जात नसू.

गेल्या हिवाळ्यात नाना झोपेतच गेले. दारात गर्दी झाली, रडारड झाली, फाटक उघडं राहिलं आणि त्यांची कुत्री मैना निघून गेली. आम्ही सगळे नानांच्या हाताखाली शिकलेले, पण त्या दिवशी सगळे तिचं नाव घेत धावलो. त्यानंतर ती माणूस दिसलं की पळू लागली. नव्या इमारतींच्या मधे उरलेल्या त्या माळावर ती लांबून दिसायची, दिवसेंदिवस खंगत चाललेली. पलीकडे ट्रकांचा रस्ता.

नानांचा सदरा हवा होता. पण रीतीप्रमाणे दहाव्यानंतर अंथरूण-पांघरूण, कपडे सगळं देऊन टाकलं होतं. मी काकूंकडे गेले. त्यांनी उठून उशीच्या अभ्र्यातून एक सदरा काढला. कंपनीचा, निळसर, कॉलरला मळ असलेला.

"एवढाच ठिवलाय," त्या म्हणाल्या. "धुतला न्हाई मी. तू मातीत टाकणार?"

"हो, काकू."

"दव पडंल त्याच्यावर. मग त्यांचा वास..."

सदरा राहू द्या, असं मला म्हणता आलं नाही. काकूंनी तो एकदा तोंडाशी धरला, मोठा श्वास घेतला आणि माझ्या हातात दिला.

पहाटे मी माळावर सदरा अंथरून बसले. पाठ करून. दोन सकाळी रिकाम्या गेल्या. तिसऱ्या सकाळी धुक्यात मागे पाऊल वाजलं. बसकं, सावकाश. नाना माळावर चालायचे तसं. माझ्या मानेवर श्वास आला. वळून बघायचं नाही हा नियम पाळणं मला कधीच इतकं कठीण गेलं नव्हतं, कारण मागे कोण आहे याची मला खात्री वाटेना. मग सदरा खसखसला आणि मैना त्यात नाक खुपसून आडवी झाली.

सदरा हातात धरून मी पुढे चालले. ती त्याच्यामागे घरापर्यंत आली. काकूंनी तिच्याआधी सदरा घेतला आणि हुंगला. मी मान खाली घातली.

"मैनेचाच वास येतोय गं," त्या म्हणाल्या. "रोज सांजचं घरी यायचे तवा असाच यायचा."

अजूनही मी रविवारी त्यांच्याकडे जाते. परवा गेले तेव्हा मैना अंगणाच्या मधोमध बसली होती, फाटकाकडे पाठ करून. कान मागे वळलेले, अंग अगदी स्थिर. मी तिच्याकडे जाऊ लागले तर काकूंनी माझा हात धरला.

"हाक मारू नको तिला."